शैलजाताईंची दुरुस्ती

शैलजाताईंशी कोणाचं पटत नाही. माझंही नाही. खडोलीच्या आमच्या कारखान्यात सहा वर्षं आम्ही शेजारच्या टेबलांवर बसलो, पण एकमेकींना कधी चहा विचारला नाही. आम्ही यंत्रं नेटवर्कला जोडणारे डबे बनवतो. प्रत्येक डब्याला आकड्यांचा पत्ता लागतो. तो कसा द्यायचा, बदलायचा, पुसायचा, याचं मॅन्युअल ताई सांभाळायच्या. ‘पत्ता बदलण्यासाठी भाग सात पाहा’ असं असेल, तर सातमध्ये खरंच तेच आहे ना, हे बघणं त्यांचं काम. त्यासाठी बाई कोणाच्याही अंगावर जायच्या.

मार्चमध्ये पुण्याहून आलेल्या इंजिनिअर पराग साहेबांनी मॅन्युअलमध्ये मधेच एक नवा भाग घुसवला. पुढचे सगळे भाग एकेक आकडा सरकले, संदर्भ मात्र जुनेच राहिले. सातमध्ये आता पत्ते पुसायची कृती आली. ताईंनी तीनदा लेखी कळवलं. “तुम्ही टायपिंग करा, इंजिनिअरिंग आम्ही बघतो,” साहेब म्हणाले. मूर्ख माणूस.

मॅन्युअल इंग्रजीत, म्हणून लाइनवरचे लोक आकडा बघून पान काढतात आणि चित्राप्रमाणे बटणं दाबतात. शिरपूरकडच्या झुंबरनेही पत्ते बदलताना तेच केलं आणि पाठवायला तयार असलेल्या चाळीस डब्यांचे पत्ते पुसले गेले. साहेबांनी त्याला काढायचं ठरवलं. नरोलीत भाड्याची खोली, बायको, दोन पोरी. “लिहेल व्हतं तेच केलं, ताई,” एवढंच तो बोलला.

झुंबरच्या चौकशीच्या सकाळी साहेब ताईंच्या टेबलाशी आले. आवाज गोड. “सगळे संदर्भ आत्ता सुधारा. दुरुस्तीच्या नोंदीत तारीख मार्चची टाका.” म्हणजे मॅन्युअल तेव्हापासून बरोबर आणि चूक झुंबरची. चोराच्या उलट्या बोंबा! मी मान खाली घालून बसले. मला माझी नोकरी हवी होती, खोटं कशाला सांगू.

ताईंनी एकसष्ट संदर्भ सुधारले. साहेबांनी नोंदीचं शेवटचं पान न बघताच ती प्रत चौकशीत मॅनेजर विश्वनाथ यांच्यापुढे ठेवली. त्यांनी नोंद मोठ्याने वाचली. तारीख आजची. खाली लिहिलेलं: ‘आज सकाळपर्यंत संदर्भ चुकीचा होता. झुंबरने मॅन्युअलप्रमाणेच काम केले. माझी तीन पत्रे सोबत जोडली आहेत.’

झुंबर कामावर राहिला. साहेबांना कोणी काही म्हटलं नाही. ताईंना महिन्याभरात गलोंड्याच्या गोदामात पाठवलं आणि त्यांचं काम मला दिलं. पहिल्याच दिवशी साहेब म्हणाले, “बरं झालं, तुम्ही समजूतदार आहात.”

एवढी मोठी शिवी मला आजवर कोणी दिली नव्हती.