ताईची निळी रेसिंग सायकल

ताईचं विसरणं दुधापासून सुरू झालं. आधी दूध उतू जायचं, पुढे गॅस पेटवलाय हेच लक्षात राहीना. मग ताई माणसंही विसरू लागली. पण कोपऱ्यातल्या निळ्या रेसिंग सायकलीकडे बोट दाखवून रोज सांगायची, "ती माझी." कॉलेजात असताना तिने त्याच सायकलीवर शर्यती मारल्या होत्या.

भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, लेथवरचे निवृत्त टर्नर. डॉक्टरांनी नको म्हणण्याआधी हिला एकदा तरी चालवू द्यायची, असं त्यांनी मनावर घेतलं. पोलादी सांगाडा तोच, बाकी सगळं नवं. नवं चाक मागच्या चिमट्यात बसेना, तेव्हा आट्यांचा रॉड आणि दोन नट लावून दोन दिवस तो चिमटा केसाकेसाने फाकवला. गिअरचे जुने दांडे खालच्या तिरक्या पाइपवर होते, बदलताना एक हात हँडलवरून काढावा लागे. ते काढून त्यांनी ब्रेकपाशीच नवे बसवले.

"तोल जायला नको तिचा," म्हणाले.

"भाऊजी, एवढी सेवा देवाची केली असतीत, तर पुण्याचं गाठोडं झालं असतं!" मी म्हटलं.

"देवाला कुठे चढ चढायचाय? तुमच्या ताईला चढायचाय."

काल सकाळी सायकल मागच्या रस्त्यावर नेली. ताई बसली आणि खरंच निघाली की! पाठ वाकवून, कोपरं आत घेऊन. भाऊजी मागून धावत होते, माझ्या तोंडी नामस्मरण. चढ लागला. ताईचा उजवा हात सवयीने खाली त्या पाइपवर गेला. तिथे काहीच नव्हतं. हात चाचपत राहिला, सायकल डुगडुगली. भाऊजींनी धरली.

"ही माझी नाही," ताई उतरून म्हणाली. "अहो मिस्त्री, माझी कुठे नेलीत?"

लग्नाआधीपासून ती त्यांना 'अरे'च म्हणायची. त्यावरून आईची किती बोलणी खाल्लीन!

दुपारी भाऊजींनी जुने दांडे परत बसवले. ताईने सायकलीकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

आज मी गेले तेव्हा ती विचारत होती, "मिस्त्री, मिळाली का?"

भाऊजी चपला घालायला लागले. "बघून येतो."

"नीट बघा हं."

मी देवापुढे बसले, पण मागायचं काय तेच सुचेना. अर्ध्या तासाने ते घामाघूम होऊन परत आले.

"आज नाही मिळाली, बाई. उद्या दुसऱ्या रस्त्याने जातो."