बगी कुंदाच चालवणार!

इंदूरच्या लालबाग पॅलेसच्या आवारात रोज सकाळी फिरणाऱ्या आम्ही चौघी. आमच्यात एक नियम आहे. एकच किस्सा तीनदा सांगून झाला की तो बाद. चौथ्यांदा कुणी सुरू केला, तर बाकीच्यांनी झपाझप पावलं टाकून तिला मागं सोडायचं. बालीहून आल्यापासून हा नियम मोडीत निघालाय. तिथल्या एका सकाळी आठ ते एक, म्हणजे पुरते पाच तास, आम्ही बगीतून भटकलो. त्या पाच तासांवर आमचं चार महिने फिरणं चाललंय, आणि अजून किस्से संपत नाहीत!

चौघी म्हणजे कोण, ते सांगते. मी सुलू, टेलिफोन खात्यातून रिटायर झालेली. रजनी सगळ्यात भित्री, पण बुकिंग सगळी तीच करते. मंजूचे पणजोबा संस्थानच्या घोडदळात होते, हे ती आठवड्यातून दोनदा तरी सांगते. आणि कुंदा. वय सदुसष्ट. बेटम्याच्या शाळेत गणित शिकवायची. सव्वीस वर्षं रोज इंदूरहून बेटम्याला स्वतः गाडी चालवत गेली, आधी स्कूटर, मग कार.

गेल्या दिवाळीआधी राजवाड्यापाशी एका ऑटोनं तिच्या कारचा आरसा उडवला. चूक ऑटोवाल्याची होती. तो स्वतः हात जोडून म्हणाला, "गलती मेरी है, माताजी." पण कुंदाच्या मुलानं, निखिलनं, घरी जाहीर केलं, "आई, आता बस झालं." आणि किल्ली आपल्या ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये नेऊन ठेवली. गाडी कुंदाची, नवा आरसा कुंदानं बसवून घेतलेला, आणि किल्ली याच्याकडे! तेव्हापासून कुंदा माझ्या स्कूटीवर मागं बसून लालबागला यायला लागली. सव्वीस वर्षं बेटम्याचा रस्ता तुडवलेली बाई मागच्या सीटवर पर्स धरून बसलेली बघितली की माझं डोकंच फिरायचं.

*

बालीच्या हॉटेलात काउंटरवर एक कागद होता. त्यावर बगीचा फोटो. बगी म्हणजे लोखंडी पाइपांचा पिंजरा, त्याला चार जाडजूड टायर; ना काच, ना दार. चौघांना बसायची सोय. जंगल, ओढा, भाताची खाचरं, एक बोगदा, असा अर्ध्या दिवसाचा फेरा.

कुंदानं तो कागद दोनदा वाचला. मग म्हणाली, "मी चालवणार."

संध्याकाळी निखिलचा व्हिडिओ कॉल आला. रजनीनं नको तेव्हा सगळं सांगून टाकलं. निखिल हसला. "आई, तू बाजूला बस हं. फोटो काढ. स्टिअरिंगला हात नाही लावायचा. प्रॉमिस?"

कुंदा म्हणाली, "आवाज कटून राहिलाय रे तुझा." आवाज छान येत होता. तिनं फोन ठेवला.

आणि आम्हा तिघींना म्हणाली, "ऐका. उद्या मी नीट चालवली, तर घरी जाऊन किल्ली मागणार. नाही जमली, तर जन्मभर मागं बसेन. चकार शब्द काढणार नाही."

रजनी म्हणाली, "अगं, पण आम्ही पण त्यातच असू ना!"

"तर मग नीटच चालवावी लागेल."

*

सकाळी बगीच्या अड्ड्यावर पोचलो. आमचा गाइड वायान, पन्नाशीचा हसरा माणूस. मोटरसायकलवर पुढं तो आणि मागून आपण, अशी पद्धत. त्यानं प्रत्येकीच्या हातात एक इंग्रजी फॉर्म दिला. बाकी टुरिस्ट न वाचता सह्या ठोकत होते. कुंदा खुर्ची ओढून बसली आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागली. एका फॉर्मला वीस मिनिटं! दोन जागी तिनं स्पेलिंगही सुधारलं.

शेवटी एक रकाना होता, अपघात झाला तर कुणाला कळवायचं. मी म्हटलं, "निखिलचा नंबर टाक."

"बिलकुल नाही," कुंदा म्हणाली आणि माझा नंबर लिहिला. मग मीही इरेला पेटले. मुलीऐवजी रजनीचा लिहिला. रजनीनं मंजूचा लिहिला आणि मंजूनं कुंदाचा.

वायाननं चारही फॉर्म पाहिले. आमच्याकडे पाहिलं. बगीकडे पाहिलं. "बट इबू, ऑल फोर, सेम बगी!" इबू म्हणजे तिकडं आई, वयानं मोठ्या बाईला तसंच म्हणतात.

कुंदा म्हणाली, "यस. व्हेरी फास्ट कॉन्टॅक्ट."

*

मग खरी अडचण आली. वायान रजनीकडे किल्ली घेऊन गेला, कारण तिनं केस काळे केलेले. कुंदाला म्हणाला, "इबू, यू सिट बॅक. ओल्ड पीपल, पॅसेंजर."

आम्ही तिघी एकदम उसळलो. मंजूनं तर कंबरेवर हात ठेवून आमच्या इंदुरी हिंदीत, भैयाचा भिया करत, सुरू केलं, "ओ भिया, ओल्ड किसको बोल रिये हो?" कुंदानं तिला थांबवलं. शाळेत वर्ग शांत करायला करायची तसा नुसता हात वर केला. फॉर्म उचलला, एका ओळीवर बोट ठेवलं. चालवणाऱ्याचं वय किमान सोळा, असं तिथं छापलं होतं.

"खालची मर्यादा लिहिलीये. वरची कुठंय? शो मी."

वायाननं फॉर्म उलटा केला. मागं काहीच नव्हतं. तरी बिचारा घुटमळत होता, त्याची काळजी खरी होती. तेव्हा कुंदाच म्हणाली, "टेस्ट घे माझी."

त्यानं नारळाच्या दोन झाडांमधून बगी नेऊन आणायला सांगितलं. कुंदा बसली, पेडलं चाचपली, सरळ गेली. आता वळून येईल म्हणून आम्ही बघतोय, तर ही तशीच रिव्हर्समध्ये त्याच दोन झाडांमधून मागं! खोडाला बोटभरही घासलं नाही. बेटम्याच्या अरुंद रस्त्यावर समोरून सोयाबीनची ट्रॉली आली की हिला पुलापर्यंत मागं जावं लागायचं. आठवड्यातून तीनदा तरी! ट्रॉलीवाले कधीच मागं जात नाहीत.

वायाननं हेल्मेट आणून तिच्या डोक्यावर ठेवलं आणि पट्टा स्वतः बांधून दिला.

*

पहिल्याच वळणावर कुंदानं बगी उभी केली. "हॉर्न कुठंय?"

हॉर्न नव्हता. वायान मोटरसायकलवरून परत आला, म्हणाला, जंगलात हॉर्न कशाला? कुंदाचा विश्वासच बसेना. इंदूरच्या माणसाला ब्रेक नसले तर एकवेळ चालतात, पण हॉर्नशिवाय तो वळणार कसा? तिचा अंगठा स्टिअरिंगवर हॉर्न शोधत नुसता फिरत होता.

मग तिनं उपाय काढला. वळण आलं की गळा काढून ओरडायचं, "ओ भियाऽऽ!"

केळीच्या बागेत ओरडली. खाचरातल्या बदकांवर ओरडली. बदकं रांगेनं बाजूला झाली. डोक्यावर टोपली घेतलेली एक बाई थांबून हसली, तर कुंदानं तिला नमस्कार केला आणि पुढच्या वळणावर पुन्हा, "ओ भियाऽऽ!" तासाभरानं पुढच्या वळणावरून वायानचा आवाज आला, "भियाऽऽ!" आता तोही ओरडून वळत होता.

*

बोगद्याआधी ओढा लागला. पाणी गुडघाभरच, पण गढूळ. मंजू सकाळपासून सांगत होती, "आमचे पणजोबा भर पुरात घोडा घालायचे, आपलं रक्तच तसं आहे." बगी पाण्यात शिरली आणि पणजोबांचं रक्त कुठं गेलं कोण जाणे! मंजूनं मागून कुंदाच्या हेल्मेटला मिठीच मारली. कुंदाला समोरचं दिसेना.

"मंजू, हात काढ! डोळे झाकलेस माझे!"

"तू आधी थांबव!"

"पाण्यात कुठं थांबवू? सोड!"

मी मागं वळून मंजूचे हात ओढून काढले. तेवढ्यात चिखलाचा एक फवारा आला आणि चौघींना डोक्यापासून पायापर्यंत माखून गेला. रजनी, आमची भित्री रजनी, तोंडातला चिखल थुंकून ओरडली, "कुंदे, फिरसे! परत घे!" आणि कुंदानं खरंच बगी वळवून दुसऱ्यांदा ओढ्यात घातली.

वर आल्यावर मंजूला विचारलं, काय गं, घोडदळ? ती म्हणाली, "घोडा असता तर घाबरले नसते. घोड्याला अक्कल असते."

*

आता आमची चूक सांगते. ती इंदूरची माणसंच करू जाणोत.

फेरा संपवून अड्ड्यावर आलो. तिथं एक पाण्याचा पाइप होता. वायान कॅमेरा आणायला आत गेला. शेवटी चिखलानं माखलेल्या बगीसोबत फोटो काढायचा असतो, आणि लोक त्या फोटोसाठीच येतात, हे आम्हाला कुठं ठाऊक? आम्ही ओल्या-सुक्या कचऱ्याचे वेगळे डबे ठेवणाऱ्या गावच्या! खाऊन झालेल्या चिवड्याची रिकामी पाकिटंही पर्समध्ये जपून आणली होती. रजनी म्हणाली, "दुसऱ्याची गाडी अशी घाण करून परत द्यायची? शोभतं का?" मंजूनं पाइप धरला, मी टायर घासले, रजनीनं रुमालानं सीटा पुसल्या. मग चौघींनी तोंडं धुतली, केस विंचरले. कुंदानं तर टिकली नीट केली.

वायान बाहेर आला आणि कपाळाला हात लावून उभा राहिला. "नो, इबू, नो! द मड!"

फोटो निघाला. चकचकीत बगी, त्यात चार स्वच्छ बायका. शोरूममध्ये बसून काढल्यासारखा!

*

कुंदानं तोच फोटो निखिलला पाठवला. खाली लिहिलं, "मी चालवली."

लगेच फोन आला. तो हसत सुटला होता. "आई, फेकू नको यार. गाडीवर धुळीचा कण नाही! उभ्या गाडीत बसून फोटो काढलाय तुम्ही. आणि छान केलं, असंच करायचं. सेफ."

मी फोन हिसकावून घेणार होते. मंजू तर शपथ घ्यायला तयार होती, पणजोबांची. कुंदानं दोघींना गप्प केलं. "नाही मानत तर नको मानू," एवढंच म्हणून फोन ठेवला. पण तिचा चेहरा उतरला होता. सकाळपासून पहिल्यांदा ती सदुसष्टची दिसली. मला त्या पोराचा असा संताप आला! अरे, जिच्या मागं स्कूटरवर बसून तू शाळेत गेलास, तिला सेफ शिकवतोस?

थोड्या वेळानं कुंदा उठून वायानकडे गेली. काहीतरी मागितलं, घडी करून पर्समध्ये ठेवलं. विचारलं तर म्हणाली, "आठवण म्हणून."

*

इंदूरच्या विमानतळावर भर दुपारी उतरलो. निखिल घ्यायला आला होता, कुंदाचीच कार घेऊन. रजनीनं तिला घ्यायला आलेल्या नवऱ्याला आमच्या तिघींच्या बॅगांसकट त्यांच्या गाडीतून पुढं पाठवलं आणि स्वतः आमच्यात राहिली. कुंदाची एक बॅग निखिलनं डिकीत ठेवली. किल्ली डिकीलाच लटकत होती. कुंदानं ती काढली, पुढं गेली आणि स्टिअरिंगवर बसली.

आम्ही तिघी केव्हाच मागं बसून पट्टे लावले होते.

निखिल खिडकीशी आला. "आई, उतर. तमाशा नको. मागं लाइन लागलीये."

मागच्या गाड्या खरंच हॉर्न देत होत्या. गार्ड शिट्टी मारत येत होता. कुंदानं शांतपणे पर्स उघडली, वायानकडून आणलेला कोरा फॉर्म काढला, वर पेन ठेवलं आणि खिडकीतून त्याच्या हातात दिला.

"बसायचं असेल तर भर. नसेल तर रिक्षा आहेत."

त्यानं आधी फॉर्मकडे बघितलं. मग आमच्याकडे बघितलं. आमच्यापैकी एकीनंही नजर हलवली नाही. गार्ड म्हणाला, "भिया, जो भरना है जल्दी भरो!" निखिलनं कागद कारच्या टपावर ठेवला आणि लिहायला लागला. नाव. वय एक्केचाळीस. मी माझ्या मर्जीनं या वाहनात बसत आहे, त्याखाली सही.

शेवटच्या रकान्यापाशी त्याचं पेन थांबलं. मग त्यानं भराभर काहीतरी लिहिलं आणि फॉर्म खिडकीतून आत दिला.

कुंदानं चष्मा लावून पहिल्या ओळीपासून वाचला. मागून मलाही दिसत होता. अपघात झाला तर कुणाला कळवायचं, त्यापुढं त्यानं लिहिलं होतं, 'आई'. आणि खाली तिचा नंबर, मोबाइलमध्ये न बघता.

तिनं कागदाची घडी घातली, पर्समध्ये ठेवली, नाक पुसलं.

"पट्टा लाव," ती म्हणाली, आणि पहिल्याच वळणावर लांबलचक हॉर्न दिला.