खलास म्हणजे धर की सोड?

ती घटना आजही आठवते, आणि आठवली की पहिलं हसू येतं ते माझंच. दहा-बारा वर्षांपूर्वी पोलीस निरीक्षक म्हणून निवृत्त होऊन मी मस्कतला, अल् घुब्र्यात लेकीकडे आले होते. वर्दी उतरली होती, पण आवाजातून उतरली नव्हती. हमरियातल्या भाजीवाल्याकडून मी भेंडी घेत नसे, त्याचा जबाब घेत असे.

जावई रुसैलच्या एका कारखान्यात सुरक्षा अधिकारी. तिथे उंचावर अडकलेल्या माणसाला दोराने सोडवायचा सराव चालू असताना एक जण टाकीच्या शिडीवरून पडला. पाय मोडला. खाली त्याचा दोर सांभाळणारा त्याच्याच गावचा, रत्नागिरीकडचा. अपघात म्हणून प्रकरण मिटलं असतं, पण कंपनीच्या बसवाल्याने खबर दिली की दोघांत आमराईवरून वाद आहे आणि कित्येक दिवस अबोला आहे. मालक, म्हणजे तिथला अर्बाब, पोलिसांत तक्रार द्यायला निघाला. दोर धरणाऱ्याची नोकरी तर जाणारच होती, वर तुरुंग.

"आई, तक्रार जायच्या आत तुम्ही त्याच्याशी बोला," जावई म्हणाला. हेतू, संधी आणि संशयित, तिन्ही आयते! मी हातातला चहा तसाच टाकून निघाले.

आधी मुद्देमाल. दोर वीतवीत बोटांतून सरकवला. कुठे मऊ पडलेली जागा, उसवलेलं आवरण, रसायनाचा डाग, काही नाही. ठेवलेलाही नीट, उन्हापासून दूर, पिशवीत. पडलेल्याच्या पट्ट्याला बांधलेली इंग्रजी आठच्या आकड्याची गाठ पडल्यावरही शाबूत होती. म्हणजे दोर तुटला नव्हता की सुटला नव्हता. पडणाऱ्याला झेलण्यासाठी दोर ज्या कडीतून घेतात, त्या कडीतून खालच्याने तो काढला होता.

नजर रोखून गप्प बसलं की समोरचा पोपटासारखा बोलतो, अशी नोकरीत माझी ख्याती. दोर धरणारा हा पठ्ठ्याही गप्प बसला. शेवटी मलाच खोकला आला. मग सरळ विचारलं, दोर का काढलास?

"तोच वरून बोलला, खलास."

माझे कान उभे राहिले. मुंबईत मी हा शब्द ज्यांच्या तोंडून ऐकला होता, त्यांच्या बोलण्यात तो आला की माणूस मरायचा. धमकी दिली का त्याने, मी दरडावून विचारलं. तो माझ्याकडे कीव आल्यासारखा पाहत राहिला.

"मॅडम, इथं खलास म्हंजे काम झालं. मला वाटलं वर पोचला, हुक लावला."

जावयाच्या अहवालात 'पोचल्याचे सांगितले' एवढंच होतं. जबाबात माणसाचा शब्द जसाच्या तसा उतरवायचा, हे ठाण्यातला नवा शिपाईही जाणतो. जावई आणि मी इस्पितळात गेलो. पडलेला माणूस रागाने भिंतीकडे तोंड करून होता. त्याच्या मते सगळं मुद्दाम झालं होतं. मी एवढंच विचारलं, तू वरून काय म्हणालास?

"खलास."

"म्हणजे?"

"दम संपला, मावशी. हातांत जीव नव्हता. धर मला, असं."

"मग धर का नाही म्हणालास?"

त्याने भिंतीकडचं तोंड माझ्याकडे वळवलं. "बोलणं बंद होतं आमचं. एक शब्द टाकला, तोच फार झाला." खालच्यानेही त्याच कारणाने उलटून विचारलं नव्हतं.

पडलेल्याने तिथूनच अर्बाबला फोन लावला आणि तक्रार थांबवली. नंतर जावयाने नियम केला, तो आजही चालू आहे म्हणे. वरचा 'सोड' म्हणणार, खालचा 'सोडू?' विचारणार, वरच्याने पुन्हा 'सोड' म्हटल्याशिवाय दोराला हात नाही. खलास हा शब्द दोरापाशी बंद. पाय बरा झाल्यावर पहिल्या सरावाला पडलेल्याने दोर धरायला माणूस मागितला तो तोच गाववाला. आमराईचा वाद मात्र अजून मिटलेला नाही. दोरापुरतं बोलतात.

आयुष्यभर मी गुन्ह्यामागे वैर शोधत आले. वैरापेक्षा अबोल्याने जास्त माणसं पडतात, हे मला त्या शिडीने शिकवलं.

परवा नातीने अर्धं ताट पुढे सारलं. "आजी, खलास."

मी ताट धरून ठेवलं आणि विचारलं, "पोट भरलं, की भाजी आवडली नाही?"