चार्ट ममता मॅडमकडे द्या

आमच्याकडे शिक्षकांचं कुठलंही प्रशिक्षण असलं की गट पडतात. गट पडले की मोठा पांढरा कागद येतो, रंगीत मार्कर येतात आणि कोणीतरी म्हणतं, “चार्ट ममता मॅडमकडे द्या.”

ममता मारबतेचं अक्षर आहेच तसं. मराठी असो की इंग्रजी, बघत राहावं असं. गट चर्चा करतो, म्हणजे चहा अजून का आला नाही याची चर्चा करतो आणि ममता खाली मान घालून लिहीत राहते. मग धर्मेंद्र सर तो कागद घेऊन पुढे जातात आणि दोन-चार पाठ केलेली इंग्रजी वाक्यं ठणकावून म्हणतात. टाळ्या पडतात. ममता मार्करांची टोपणं लावत बसते. वर्षानुवर्षं इंग्रजीची प्रशिक्षणं झाली, पण यंदापर्यंत तिथे तिच्या तोंडून इंग्रजीचं एक वाक्य कोणी ऐकलेलं नव्हतं.

मी मात्र रोज ऐकते. आंधळगावच्या पुढे, तलावाला लागून असलेल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत आम्ही दोघीच शिक्षिका. गणित माझ्याकडे, इंग्रजी तिच्याकडे, मध्ये एक पातळ भिंत. पलीकडे ती पोरांशी इंग्रजीत भांडते, त्यांची समजूत काढते, त्यांना हसवते. आमची पोरं घरी झाडीबोली बोलतात, पण तिसरीतली मुलं तलावावरच्या बदकांनाही ‘कम हिअर’ म्हणतात. हे माझ्या गणिताच्या बाबतीत कधी घडलेलं नाही आणि घडेल अशी आशाही मी ठेवलेली नाही.

मोठी माणसं समोर आली की मात्र तिच्या तोंडाला कुलूप लागायचं. डी.एड.च्या पहिल्याच पाठाला ती इंग्रजीत बोलायला उभी राहिली आणि सगळा वर्ग हसला होता. पुढे तिथल्या मॅडमना तिचं अक्षर आवडलं आणि तिला लपायला चांगली जागा मिळाली.

यंदा त्याच अक्षराने घात केला. प्रशिक्षणाच्या हॉलमध्ये भिंतीवर जुने चार्ट लावलेले आहेत. जवळपास सगळ्यांच्या खाली बारीक अक्षरात तिचं नाव. नव्याने आलेल्या शिक्षणाधिकारी साहेबांनी ते पाहिले आणि त्यांना वाटलं, तालुक्यात इंग्रजी यांनाच येतं. त्यांनी ठरवलं, यंदा शिक्षकांना इंग्रजी बोलायला कसं शिकवायचं, याचा एक तास मारबते मॅडम घेतील. तोही इंग्रजीतून. व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर आदेश आला आणि त्याखाली अंगठ्यांची आणि पुष्पगुच्छांची रांग लागली.

ममताचा चेहरा उतरला. दुपारी डबा न उघडताच तिने मला सांगितलं की ती नकार कळवणार आहे. एवढंच नाही, शाळेतलं इंग्रजीही मी घ्यावं आणि गणित तिला द्यावं. मोठ्यांसमोर जिला बोलता येत नाही तिने पोरांना शिकवायचं नाटक कशाला करायचं, असं तिचं म्हणणं. मला राग आला आणि मी तो गिळला नाही. बदकांशी बोलणाऱ्या पोरांना माझ्यापुढे बसवून मुकं करायचं असेल तर खुशाल कर, म्हणाले. तिने ऐकून घेतलं आणि तरीही नकाराचा अर्ज लिहिला. अर्जसुद्धा इतका देखणा, की साहेबांनी तो फ्रेम करून लावला असता.

तो द्यायचा राहिला तो तिच्या वडिलांमुळे. बुधरामकाका अजूनही पहाटे तलावावर जाळं घेऊन जातात. आदेशाची बातमी कळताच त्यांनी ती बाजारात मासोळीबरोबर घरोघरी पोचवली होती. ममता घरी गेली तर ते अंगणात जाळं सांधत होते आणि समोरच्या माणसाला सांगत होते, “माही पोरगी आता मास्तरायले शिकवून राहिली.” तिने अर्ज पर्समध्येच ठेवला.

प्रशिक्षणाच्या दिवशी मी दुसऱ्या रांगेत बसले होते. ममता पुढे गेली, कोणाकडे न बघता फळ्याकडे वळली आणि लिहू लागली. फळा भरला. तिने एक कोपरा पुसला आणि पुन्हा लिहू लागली. मागून धर्मेंद्र सर हळूच म्हणाले की मॅडम सगळा तास लिहूनच संपवणार. चार-दोन जण हसले.

ते तिला ऐकू गेलं. तिने खडू खाली ठेवला आणि ती आमच्याकडे वळली. मग बोलली ती सरळ घरच्या बोलीत.

“मले लिवता येते. बोलाले भेव लागते. लेकरायसमोर नाई लागत, तुमच्यासमोर लागते. या भिंतीवरच्या चार्टातलं एक वाक्य मी कधी मोठ्यायसमोर बोलली नाई. तुमच्यात अजून कोणाले असं होते का?”

मग सोमाजी सरांनी, जे पुढच्या वर्षी निवृत्त होणार आहेत, हात वर केला. त्यांच्यामागून एकेक हात वर येऊ लागला. धर्मेंद्र सर मोबाइल बघत राहिले.

ममताने फळा पुसून टाकला. सगळा. आणि आपला दुपट्टा काढून हातात घेतला. आमच्याकडच्या उन्हात दुपट्ट्याशिवाय कोणी गाडीवर बसत नाही, त्यामुळे बाई असो की बुवा, प्रत्येकाजवळ एक होताच. तिने सगळ्यांना तो काढायला लावला.

“धिस इज अ नेट,” ती म्हणाली. आवाज कापत होता. “होल्ड इट. लाइक धिस.”

लहानपणी बुधरामकाकांनी तिला तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, जाळं फेकायला शिकवलं होतं. समजावून सांगत बसले नव्हते. मागे उभं राहून तिचे हात धरले होते. तेच ती आता करत होती. जो चुकला त्याच्या जवळ जाऊन त्याची मूठ नीट करायची, वाक्य त्याच्याकडून म्हणवून घ्यायचं, आणि मग फेकायला लावायचं. एक-दोनदा तिचंही वाक्य अडखळलं. एका सरांनी दुरुस्ती सुचवली, तिने मान डोलावली, सुधारून म्हटलं आणि पुढे गेली. थोड्या वेळाने तिचा आवाज कापायचा थांबला. मला तो भिंतीपलीकडचा आवाज ऐकू येऊ लागला आणि माझे डोळे भरून आले.

धर्मेंद्र सरांची पाळी आली. त्यांचा दुपट्टा उलगडलाच नाही, गोळा होऊन साहेबांच्या खुर्चीवर पडला. पाठ केलेल्या वाक्यांत यासाठी काहीच नव्हतं.

“अगेन, सर,” ममता म्हणाली. तिसरीतल्या पोराला म्हणते तशीच.

त्यांनी पुन्हा फेकला. “नॉट ओपन,” ते पुटपुटले आणि स्वतःच हसले. मग सगळा हॉल हसला. ममताही हसली.

इंग्रजी माझ्याकडे आलं नाही, हे सांगायला नकोच. पुढच्या महिन्यात पुन्हा प्रशिक्षण होतं. गट पडले, पांढरा कागद आला, आणि सवयीने कोणीतरी म्हणालं, “चार्ट ममता मॅडमकडे द्या.”

ममताने मार्कर घेतला, टोपण काढलं. क्षणभर कागदाकडे बघितलं. मग टोपण लावून मार्कर धर्मेंद्र सरांच्या हातात दिला.

“आज तुमी लिवा, सर. मले बोलाचं हाये.”

सरांचं अक्षर त्या दिवशी आम्ही पहिल्यांदा पाहिलं. कागदावरचं काही वाचता येत नव्हतं. ममता काय बोलली ते मात्र शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं.