पांगाऱ्याच्या माशाची नथ

"मिस्त्री, जरा शेपटाकडं बघा."

डॉक्टरांनी लाकडी मासा माझ्या पुढ्यात ठेवला. शेपटाला नुसतं भोक. त्या भोकात मी डोळा असलेला स्क्रू पिळला होता आणि त्या डोळ्यात गळ अडकवला होता. आता स्क्रूही नव्हता, गळही नव्हता. माजलगावच्या धरणातली मरळ दोन्ही घेऊन गेली होती.

हा लाकडी मासा म्हणजे लुअर. पाण्यात ओढला की खऱ्यासारखा पोहतो आणि शिकारी मासळी फसून त्याच्यावर झडप घालते. मी सुतार. दारं-खिडक्या करतो, मधल्या वेळात डॉक्टरांसाठी हे मासे कोरतो.

"तुमी दोरीला ढील दिली नसंल," मी म्हणालो. "मी बैलगाड्या जोडल्यात डॉक्टरसाहेब. माझा स्क्रू मासळीच्या बापाला न्हाई निघत."

डॉक्टर भांडले असते तर बरं झालं असतं. ते नुसते हसले. "असेल. सोमवारी मी पुण्याला चाललो, लेकीकडं. कायमचा. रविवारी शेवटचं धरणावर जाऊन येतो. जमलं तर एक करून ठेवा."

ते गेल्यावर मी भोकात नख घातलं. लाकडाचा भुगा हातात आला. मासा पांगाऱ्याचा. हे लाकूड हलकं, झकास तरंगतं, पण मऊ. स्क्रू धरून ठेवायचा दम त्याच्यात नाही. चाळीस वर्षं लाकूड हाताळणाऱ्याला हे कळू नये? आणि दोष कुणाला दिला, तर डॉक्टरांना! हे गुरांचे डॉक्टर. माझी गाय अडली होती तेव्हा हा माणूस चार तास शेणात गुडघे टेकून बसला होता. मला लई वाईट वाटलं.

टेबलावर डॉक्टरांचं स्टीलच्या तारेचं वेटोळं विसरलेलं दिसलं. त्यांनी पूर्वी एकदा मोबाइलवर 'थ्रू-वायर' दाखवलं होतं. एकच तार नाकापासून शेपटापर्यंत आरपार घालायची आणि दोन्ही टोकांना डोळे वळवायचे. मग मासळी लाकडाला नाही, तारेला ओढते. तेव्हा मी म्हणालो होतो, "कावून एवढी झंझट?" आता मुकाट्यानं पक्कड घेतली.

सुताराची सवय अशी, की सगळे भाग आधी तयार करायचे आणि मग जोडायचे. मी मापात दोन्ही डोळे वळवले. फार देखणे झाले. मग लक्षात आलं, डोळा वळवलेली तार भोकातून जाणार कशी? एकटाच खो खो हसलो.

दुसऱ्या खेपेला तार आधी घातली आणि पक्कड लाकडाला टेकवून वळवली. माशाचं नाक टचकन फुटलं. तिसऱ्याचंही तेच. चौथा फुटला नाही, पण डोळा एका बाजूला गेला. हौदात ओढून पाहिला, तर लंगड्या बैलासारखा एका अंगानं चालला. शुक्रवार तिथंच संपला.

शनिवारी सकाळी समोरच्या आक्काकडं गेलो. आक्का सोनारीण, सगळा जन्म नथी घडवण्यात गेलेला. तिच्याइतकी तार गावात कुणाला कळत नाही.

"आक्का, तारेचा डोळा मधोमध कसा आणायचा?"

"कशाला पायजे?"

"मासे धरायला."

आक्कानं गळ्यातल्या तुळशीच्या माळेला हात लावला. "राम राम राम! माळकरणीच्या दारात मासे आणतो व्हय रे मेल्या?"

मी वळलो. तीन पावलं गेलो असेन, तोच मागून आवाज आला, "ए, थांब. मासा-बिसा मला ठावं न्हाई. नथीची तार कशी वळवतेत ते दावते. तू कुणाला नथ घालतो ते तुझं तू बघ."

तिनं गोल तोंडाचा चिमटा घेतला. "आधी तारेची मान मागं पाड. मग पुढून गोल आण. डोळा आपसूक मधी येतो. आता डोळा चिमट्यात धर अन् उरलेली तार मानंभवती गुंडाळ. सगळा जोर तारेवरच. मोत्यावर जोर दिला की मोती टिचला."

"लाकूड बी टिचतंय, आक्का."

"लाकडाचं मला सांगू नको."

तिचं सोनं मऊ, माझं स्टील हट्टी. बोटं सोलली. दुपारी एक मासा साधला. डोळा मधोमध, मानेला तीन घट्ट वळसे, टोक घासून गुळगुळीत. मी पोरासारखा पळत गेलो. "आक्का, बघा!"

तिनं चष्मा लावला. "डोळा बरा हाय. पोटाला हे भोक कशाचं?"

माझं तोंड पडलं. पोटाच्या गळासाठी भवरकडी लागते, गुरांच्या दाव्याला असते तशी गरगर फिरणारी कडी. ती आधी पोटात ठेवून तार तिच्यातून ओवायची असते. माझी भवरकडी टेबलावर आणि तार दोन्हीकडून बंद!

"टोक वळवायच्या आधी मोती मोजावं," आक्का म्हणाली. "माझ्या सासूनं पैल्याच दिवशी सांगितलं."

"मग मला कावून न्हाई सांगितलं?"

"तू कुठं मोती ओवतो?"

तार कापली, परत बसलो. या वेळी मोठ्यानं मोजलं. नाक, भवरकडी, शेपूट. दिवस मावळायच्या आत मासा डॉक्टरांच्या हातात दिला.

रविवारी दुपारी स्कूटर दुकानापुढं थांबली. डॉक्टरांच्या पोत्यात अडीच किलोची मरळ आणि हातात माझा मासा. मासा कसला, नुसती तार आणि तिला चिकटलेलं अर्धं लाकूड.

"बुडालेल्या बाभळीत शिरली हो! आपटून आपटून लाकूड फोडलं तिनं. मी म्हटलं गेली. पण तार! तार कुठं सोडते!" सत्तरीचा माणूस माझे खांदे धरून नाचला. मीही नाचलो.

पोतं दुकानात ठेवून आम्ही फक्त तार घेऊन समोर गेलो. आक्कानं दोन्ही डोळे नखानं तपासले.

"नथ सुटली न्हाई?"

"न्हाई, आक्का."

"नवरी केवढी होती?"

"अडीच किलो."

"भरली म्हणायची," ती म्हणाली आणि पदराआड हसली. "हात धुवा दोघं. चहा टाकते."

चहा पिताना मला राहवलं नाही. "डॉक्टरसाहेब, त्या दिवशी चूक माझी होती. स्क्रू माझाच निघाला."

"भोक बघूनच कळलं होतं, मिस्त्री," डॉक्टर बशीत चहा ओतत म्हणाले. "म्हणून तर तार ठेवून गेलो."

तेव्हापासून स्क्रू फक्त दारांना वापरतो. आणि गिऱ्हाईक न भांडता गेलं, की आधी टेबलावर काय ठेवून गेलंय ते बघतो.