सरांनी स्वतःवर घेतलेली चूक

डॉ. यशवंतराव निळेकर यांच्याकडे मी पहिल्यांदा गेलो तो नव्वदच्या दशकात, नोकरी मागायला. हिंगोलीतल्या आपल्या लॅबमध्ये सरांनी माझ्या प्रमाणपत्राकडे पाहिलंच नाही. रक्ताची एक नळी उजेडात धरायला लावली आणि हा माणूस जेवून आला की उपाशीपोटी, असं विचारलं. वरचं पाणी जेवणातल्या चरबीने दुधाळ दिसत होतं. मी ‘जेवून’ म्हणालो आणि दुसऱ्या दिवसापासून कामाला लागलो.

सरांचा नियम एकच होता. त्यांनी पाहून सही केल्याशिवाय कोणताही रिपोर्ट बाहेर जायचा नाही. नुसता आकडा वाचू नये, माणूस शेजारी बसवून वाचावा, असं ते म्हणत. हा नियम मी काटेकोर पाळायचो, फक्त घरचं काम सोडून.

माझे थोरले बंधू किसनदादा गावी, साखऱ्याला, शेळ्या-मेंढ्या राखत. जुन्या काविळीनंतर त्यांचं यकृत कायमचं दुखावलं होतं. दर दोन-तीन महिन्यांनी मी त्यांचं रक्त तपासायचो. घरच्या माणसासाठी सरांना कशाला तसदी, म्हणून ते कागद सहीला नेत नसे. दर वेळी कोलेस्टेरॉल आणखी खाली आलेलं असे. मोठा शहाणा असल्यासारखं मी दादांना सांगितलं, आता घोर करायचं काम न्हाई. दादांनी औषधं सोडली, औंढ्याला जाऊन नागनाथाचं दर्शन घेतलं आणि लॅबमध्ये पेढे पाठवले.

कशाचे पेढे, म्हणून सरांनी विचारलं. मी सांगितल्यावर त्यांनी जुने सगळे कागद मागवले आणि हातातला पेढा टेबलावर ठेवून दिला. मग शांतपणे समजावलं. कोलेस्टेरॉल बहुतेक यकृतच तयार करतं; यकृत थकत चाललंय म्हणून आकडा उतरतोय. शेळीचं दूध आटलं की धारेची चरवी रिकामी राहते, त्याचे कुणी पेढे वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी सर माझ्याबरोबर एसटीने साखऱ्याला आले. ओसरीवर बसून त्यांनी दादांना दुखण्याचं सगळं खरं सांगितलं.

“सायेब, मंग इतके दिवस काहून न्हाई सांगितलं?” दादांनी विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत सर म्हणाले, “रिपोर्ट वाचण्यात माझी चूक झाली, किसनराव.”

मी गप्प बसलो. दादांना नांदेडला नेलं, उपचार झाले, पण वर्षाच्या आत ते गेले. औषधं चालू राहिली असती तर किती जगले असते, हे सरांनाही सांगता येत नव्हतं. वहिनींनी मात्र सरांचं नाव टाकलं. साखऱ्याची माणसं रक्त द्यायला दुसरीकडे जाऊ लागली. सरांनी कुणाकडे खुलासा केला नाही.

सरांच्या पत्नी तोवर निवर्तल्या होत्या. दुपारी ते एकटेच डबा खात. मीही एका खोलीत राहणारा सडाफटिंग. दादा गेल्यावर त्यांनी मला समोर बसवून घेतलं आणि तेव्हापासून आम्ही एकत्र जेवत आलो. त्या चुकीचा विषय त्यांनी एकदाही काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं, असं मला जेवताना कितीदा तरी वाटलं.

सरांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. त्यांच्या गौरवग्रंथासाठी लिहायला बसलो आणि हे लिहिल्यावाचून पुढे जाता येईना. चूक माझी होती. ग्रंथ हाती आला की साखऱ्याला जाऊन हे पान वहिनींना मोठ्याने वाचून दाखवणार आहे. सरांनी शंभरी पाहावी, हातीपायी धड राहावं. यात माझा स्वार्थही आहे. वहिनींनी दार लावून घेतलं, तर मला ‘अरे’ म्हणून हाक मारणारं सरांवाचून दुसरं कुणी उरणार नाही.