भाऊजींचं गोल्ड कार्ड

आमच्या भाऊजींचं नळांचं दुकान आहे. नळ, बेसिन, कमोड, शॉवर, पाइपांचे सांधे. रस्त्याकडच्या काचेमागे एक अख्खी बाथरूम मांडून ठेवली आहे, त्यात पाणी तेवढं नाही. माणूस सरळ. गिऱ्हाइकाला महागाचा नळ दाखवून झाला की स्वतःच म्हणणार, "पण तुम्हाला तो साधा पुरेल." ताई वैतागायची, "असं बोलून कुणी दुकान चालवतं का?" पण चालायचं. तीस वर्षं चाललं.

मी ताईची धाकटी बहीण. दोन गल्ल्या सोडून माझं शिवणाचं दुकान आहे. ताईला एकुलती एक मुलगी. ती शिकायला म्हणून परदेशी गेली, तिथेच नोकरी लागली, तिथेच लग्न झालं. तिला बाळ होणार म्हणून ताई आणि भाऊजी पहिल्यांदा विमानात बसले, आणि तिथून हे सगळं सुरू झालं.

विमानतळावर सामान वजनात बसेना. सात किलो जास्त भरलं. काउंटरवरची मुलगी म्हणाली, काढा, नाहीतर पैसे भरा. आकडा ऐकून भाऊजींनी बॅग तिथेच फरशीवर उघडली. ताईचे आतले कपडे, औषधांच्या डब्या, मी शिवलेली झबली, सगळं लोकांसमोर. ताई गुडघ्यांवर बसून काय ठेवायचं, काय टाकायचं ते निवडत होती. तेवढ्यात शेजारच्या गालिचा घातलेल्या मोकळ्या रांगेतून एक माणूस तीन बॅगा घेऊन आला आणि हसत हसत पुढे गेला. त्याला कुणी काही विचारलं नाही. पुढे विमानात यांना जागा मिळाली ती शेवटच्या ओळीत, संडासाच्या दाराशी. चौदा तास. ताईचे पाय असे सुजले की चपला चढेनात. मोज्यांवरच चालत ती बाहेर आली आणि लेकीला तशीच भेटली.

परत आल्यावर ताईने हे सगळं मला हसून हसून सांगितलं. संडासाचं दार उघडलं की कसा उजेड डोळ्यांवर यायचा, त्याची नक्कल करून दाखवली. भाऊजी हसले नाहीत.

"तो गालिच्यावरचा माणूस कोण होता माहितीये?" त्यांनी मला विचारलं.

"कोण?"

"कोणी नाही. आपल्यासारखाच. फक्त त्याच्याकडे गोल्ड होतं."

गोल्ड म्हणजे विमान कंपनीचा मानाचा दर्जा. तो असला की वेगळी रांग, जास्तीचं सामान, बसायला आरामाची खोली, आधी आत सोडणार, आणि जागा रिकामी असली तर पुढे बसवणार. आम्हाला वाटायचं, सदानकदा विमानात फिरणाऱ्यांनाच हे मिळत असेल. पण बँकेतल्या एका ओळखीच्याने भाऊजींना सांगितलं की विमान कंपनीच्या नावाचं एक क्रेडिट कार्ड आहे. त्यावर वर्षभरात ठरावीक खर्च केला की विमानात पाऊलही न ठेवता गोल्ड मिळतं. अट एकच. हिशोब जानेवारी ते डिसेंबर. एकतीस डिसेंबरला काटा शून्यावर.

भाऊजींनी कार्ड घेतलं. दुकानाचा माल आधी ते रोखीत उचलायचे, तो आता कार्डावर. त्याने भागेना, तेव्हा आमच्यावर आले. कुणाला फ्रिज घ्यायचा असला की भाऊजी सोबत जायचे, कार्ड पुढे करायचे, आणि त्या माणसाने पैसे त्यांना द्यायचे. शेजाऱ्याच्या पोराची कॉलेजची फी, प्लंबरच्या स्कूटरचे टायर, कापडाच्या कडा शिवायची माझी नवी ओव्हरलॉक मशीन, सगळं त्यांच्या कार्डावर. मला बरंच होतं. मी पैसे तीन हप्त्यांत दिले आणि त्यांनी एकदाही आठवण केली नाही. बाजारात लोक त्यांना 'गोल्डभाऊ' म्हणायला लागले. "गोल्डभाऊ, पावशेर खिळे घ्यायचेत, येता का कार्ड घेऊन?" ते मनावर घेत नसत. खरंच जात.

बिल मात्र दर महिन्याला वेळच्या वेळी भरायचे. कर्ज डोक्यावर ठेवायचा त्यांचा स्वभाव नव्हता. खूळ होतं, पण शिस्तीचं.

दुसऱ्या वर्षी नोव्हेंबरअखेर त्यांना गोल्ड मिळालं. जाड कागदाचं पाकीट आलं. ताईने कार्ड हातात घेऊन उलटसुलट करून पाहिलं. "आणि मी?" तिने गमतीने विचारलं. "मी मागच्याच रांगेत का?"

भाऊजींचा चेहरा उतरला. कारण खरी अडचण तीच होती. रांग आणि सामान दोघांना चालणार होतं, पण पुढची जागा फक्त त्यांना एकट्याला. जोडीदारालाही पुढे न्यायचं तर गोल्डच्या वरची पायरी चढायला हवी होती, प्लॅटिनम. त्याला खर्च जवळजवळ दुप्पट. त्या वर्षात ते शक्यच नव्हतं. आता जे काही करायचं ते एक जानेवारीपासून.

ताईच्या पोटात त्याआधी दोन-तीन महिन्यांपासून दुखत होतं. तिने ते कुणाला सांगितलं नव्हतं. मला कळलं ते मापामुळे. तिच्या कपड्यांची मापं माझ्या वहीत असतात. त्या वेळी कंबर दोन इंच वाढलेली आणि दंड बारीक झालेले. मी म्हटलं, "ताई, हे काहीतरी विचित्र आहे." तिला मीच डॉक्टरकडे नेलं.

अंडाशयावर गाठ होती. डॉक्टरीण बाई शांत बोलणारी होती. म्हणाली, "काढल्याशिवाय नक्की काही सांगता येणार नाही. पण लवकर काढून टाका." तारीख पाच डिसेंबर होती. बारा तारखेला ऑपरेशनची वेळ मिळत होती.

त्या संध्याकाळी आम्ही तिघं ताईच्या स्वयंपाकघरात बसलो होतो. हॉस्पिटलने खर्चाचा अंदाज लिहून दिलेला कागद टेबलावर होता. भाऊजी बराच वेळ तो पाहत होते. मग म्हणाले, "लवकर म्हणजे किती लवकर, ते विचारलंत का?"

"लवकर म्हणजे लवकर," मी म्हटलं.

"नाही, म्हणजे..." ते थांबले. कागद सरळ केला. "हे जर तीन जानेवारीला केलं, तर हे सगळं नव्या वर्षात धरलं जाईल. सुरुवातीलाच प्लॅटिनमचा तिसरा हिस्सा होऊन जातो. आत्ता केलं तर वायाच जाणार. मी आपलं सांगितलं. ठरवायचं तुम्ही."

ताईने त्यांच्याकडे पाहिलं. मला अजून त्या नजरेचा अर्थ लागत नाही. रागावली होती, की कीव करत होती, की तिला खरंच पटलं होतं? ती म्हणाली, "मग जानेवारीतच करू. तीन आठवड्यांत काय होतंय? इतके दिवस आहेच की."

मग दोघांनी माझ्याकडे पाहिलं.

डिसेंबर म्हणजे माझा हंगाम. दोन शाळांच्या स्नेहसंमेलनांचे पोशाख आणि एका हॉटेलच्या कामगारांचे कोट अंगावर घेतलेले. बारा तारखेला ऑपरेशन म्हणजे हॉस्पिटलात रात्रंदिवस बसायचं कुणी? मीच. मी मनात हिशोब केला, आणि म्हणाले, "जानेवारीत मला पण जरा सवड असेल."

एवढंच. कुणी आवाज चढवला नाही. ताईने चहा टाकला.

तीन जानेवारीला पोट उघडलं तेव्हा गाठ गाठीपुरती राहिलेली नव्हती. डॉक्टरीण बाई बाहेर आली, डोक्यावरची टोपी काढून हातात धरली आणि म्हणाली, "बरंच पसरलंय. जेवढं काढता आलं तेवढं काढलं." भाऊजींनी तिथल्या तिथे विचारलं, "डिसेंबरात केलं असतं तर?" ती जरा गोंधळली. "तीन आठवड्यांत एवढं पसरलं असं म्हणता येत नाही," ती म्हणाली. "आणि तेव्हा असं नव्हतं, असंही म्हणता येत नाही. हे कुणालाच सांगता यायचं नाही."

तिने खोटं बोलून एका बाजूला कौल दिला असता तर बरं झालं असतं, असं मला पुष्कळदा वाटतं.

पुढचे पाच महिने औषधं, सुया, रक्ताच्या पिशव्या, पोटात साठलेलं पाणी काढणं. बिलाच्या खिडकीशी भाऊजी कार्ड पुढे करायचे, कारण दुसरं काही जवळ नसायचं. आता ते काही मोजत नव्हते. पण कार्डाची मशीन मोजत होती. ताई शेवटी शेवटी फार बोलत नसे. एकदा मी तिचे पाय चोळत होते, तेव्हा म्हणाली, "यांना काही बोलू नकोस हं. चपला चढत नव्हत्या ना, ते यांच्या फार मनाला लागलं." मी मान हलवली. माझ्याबद्दल ती काहीच म्हणाली नाही.

भाची शेवटचे पंधरा दिवस बाळाला घेऊन आली होती. मेच्या शेवटी ताई गेली. सकाळी नऊच्या सुमारास, नर्स चादर बदलत असताना.

जूनमध्ये पाकीट आलं. 'अभिनंदन' असं छापलेलं. आत प्लॅटिनमचं काळं कार्ड आणि सामानाला लावायचे दोन चामडी पट्टे. एकावर भाऊजींचं नाव, दुसऱ्यावर ताईचं. भाऊजींनी ते पाकीट माझ्या दुकानात आणून कापडाच्या ठाणांवर ठेवलं. मी मशीनवरून उठून त्यांना पाणी दिलं.

त्या वर्षी ऑक्टोबरात ते लेकीकडे गेले. तिनेच बोलावलं होतं, एकटे राहू नका म्हणून. गालिच्याच्या रांगेतून गेले. पुढची जागा मिळाली. तिथल्या बाईने अदबीने विचारलं, "सोबत कुणी येणार आहे का?" शेजारची खुर्ची रिकामी होती. हे मला त्यांनीच नंतर सांगितलं. म्हणाले, खुर्ची आडवी होऊन पूर्ण पलंग व्हायची, पण त्यांनी बटण दाबलंच नाही. चौदा तास ताठ बसून गेले.

तिकडे चौथ्या दिवशी त्यांनी लेकीला सगळं सांगून टाकलं. ते स्वयंपाकघर, तो कागद, बारा डिसेंबर, तीन जानेवारी. कुणी विचारलं नव्हतं. पोटात ठेवणं त्यांना जमलंच नाही. भाचीने ऐकून घेतलं, आणि काम करत होती ते तसंच सोडून बाहेर निघून गेली. बाळाला जावयाने जेवू घातलं.

दुसऱ्या दिवशी तिचा मला फोन आला. मी काजं करत होते.

"मावशी, तुला माहीत होतं?"

"काय?"

"तारीख का पुढे ढकलली ते."

खोटं बोलायला जागा होती. भाऊजींनी माझं नाव घेतलं नव्हतं, हे मला नंतर कळलं. पण मी म्हटलं, "हो. मी तिथेच बसले होते."

"आणि काही बोलली नाहीस?"

"बोलले," मी म्हटलं. "मला सवड जानेवारीत होती, असं बोलले."

मग ती म्हणाली, "बाबांना मी समजू शकते, मावशी. खुळ्यासारखं का होईना, ते तिच्यासाठीच करत होते." आणि फोन ठेवला.

भाऊजी ठरल्याप्रमाणे महिनाभर राहून आले. कार्डाची मुदत पुढच्या वर्षी आपोआप संपली; त्यांनी परत खटपट केली नाही. दुकान उघडतात. महागाचा नळ दाखवायचं मात्र सोडलं आहे, थेट साधाच काढून देतात. भाची त्यांना दर रविवारी फोन करते, नातवाशी बोलायला देते. मला करत नाही. मी दोनदा केला, दोन्ही वेळा जावयाने उचलला आणि ती कामात आहे म्हणाला.

सोमवारी सकाळी स्वतःचं दुकान उघडायच्या आधी भाऊजी माझ्या दुकानाच्या दाराशी येतात. आत येत नाहीत. "त्याला शाळेत घातलं," म्हणतात. किंवा, "त्याचा ताप उतरला." मी पायाखालची मशीन थांबवते आणि म्हणते, "बरं झालं." मग ते जातात.